सारख्या वजनाची नाणी, दोन बहिणी आणि सराफाचा भाव

पत्राचा गोषवारा: लेखिका सांगली जिल्ह्यातल्या, वय साठीच्या आसपास. आई गेल्यावर तिच्या डब्यात चांदीची नाणी निघाली: ब्रिटिश काळातले बारा रुपये, लक्ष्मी-गणपतीची दहा-दहा ग्रॅमची आठ नाणी आणि भाच्याने अमेरिकेहून आणलेली गरुडाची दोन. दोघी बहिणींनी ती काट्यावर घालून वाटून घेतली, प्रत्येकीकडे 141 ग्रॅमच्या आसपास. जुन्या रुपयांपैकी 1942 ते 1945 सालचे सहा लेखिकेने घेतले, कारण ते जरा नवे दिसत होते. धाकटीने काळे पडलेले, व्हिक्टोरिया राणीचे आणि पंचम जॉर्जचे घेतले. लक्ष्मीच्या नाण्यांतली सीलबंद पाकिटातली चार लेखिकेकडे आली, मखमली डबीतली चार धाकटीकडे गेली. पुढे सराफाकडे दाखवल्यावर लेखिकेच्या रुपयांना धाकटीच्या रुपयांच्या जेमतेम निम्मा भाव निघाला, तर धाकटीच्या लक्ष्मीच्या नाण्यांना लेखिकेच्या नाण्यांपेक्षा बराच कमी. “वजन सारखं असताना हे कसं? सराफ फसवतोय, की धाकटीने जाणूनबुजून निवड केली?” असा त्यांचा प्रश्न आहे. यावरून दोघींचं बोलणंही बंद झालंय. शिवाय दोन नातींसाठी दर धनत्रयोदशीला एकेक नाणं घ्यायचं त्यांच्या मनात आहे. चार ठिकाणी विचारलं तर 10 ग्रॅमचे चार वेगळे भाव कळले.

ताई,

सराफावरचा आणि धाकटीवरचा संशय थोडा बाजूला ठेवू. तुमच्या पत्रातल्या आकड्यांवरून सराफाने सांगितलेला भाव मला बरोबर वाटतो. आणि धाकटीला हे आधीच ठाऊक असतं, तर तिने सीलबंद नाणी सोडून मखमली डबीतली घेतली नसती. तुम्ही दोघींनी काट्यावर विश्वास ठेवला, तिथे गफलत झाली. काटा नाण्याचं वजन सांगतो. त्यात चांदी किती, हे सांगत नाही.

आधी जुन्या रुपयांचं पाहू, कारण सगळ्यात मोठा फरक तिथेच आहे. ब्रिटिश रुपयाचं वजन 180 ग्रेन, म्हणजे एक तोळा, 11.66 ग्रॅम. व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड, पंचम जॉर्ज या सगळ्यांच्या रुपयांत बारा भागांत अकरा भाग चांदी आणि एक भाग तांबं. म्हणजे एका रुपयात 10.69 ग्रॅम शुद्ध चांदी. दुसऱ्या महायुद्धात लोकांनी रुपये घरात दाबून ठेवायला सुरुवात केली, सरकारला चांदी पुरेना. मग 1940 मध्ये रुपयाचं वजन तेच ठेवून चांदी निम्म्यावर आणली: 50 भाग चांदी, 40 तांबं, 5 निकेल, 5 जस्त. तुमच्या 1942-45 च्या रुपयांत चांदी आहे ती प्रत्येकी 5.83 ग्रॅम. (1947 च्या वाघाच्या रुपयात तर चांदीच नाही. तो निकेलचा आहे, लोहचुंबकाला चिकटतो.)

हिशोब सोपा जावा म्हणून शुद्ध चांदीचा भाव ग्रॅमला 200 रुपये धरू. तुम्ही त्या दिवशीचा भाव घाला. धाकटीच्या एका जुन्या रुपयातली चांदी 2,138 रुपयांची, तुमच्यातली 1,166 रुपयांची. सराफाने ‘जेमतेम निम्मा’ भाव सांगितला तो यामुळे.

हे दोन प्रकार घरी ओळखता येतात. साल वाचा, कारण सालावरूनच नव्वद टक्के काम होतं. फक्त 1939 आणि 1940 या सीमेवरच्या सालांबाबत नुसत्या सालावर न जाता टंच (शंभर भागांत चांदी किती, हे) काढून घ्या. निम्म्या चांदीच्या बहुतेक रुपयांच्या कडेला, उभ्या दातऱ्यांच्या मधोमध एक खोलगट पट्टी गोल फिरलेली दिसते. आधीच्या रुपयांना ती नसते. साल झिजलं असेल तर पाण्याची चाचणी करा. त्यासाठी 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा लागतो. काट्यावर प्लास्टिकच्या पेल्यात पाणी ठेवा आणि आकडा शून्य करा. नाणं बारीक दोऱ्याने बांधून एखाद्या काडीला टांगा आणि पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही असं सोडा. नाण्याला चिकटलेले बुडबुडे बोटाने हलकेच झटका. हातात धरून टांगलंत तर आकडा स्थिर राहत नाही, म्हणून काडी दोन डब्यांवर आडवी ठेवा. काट्यावर जो आकडा येईल, तेवढं पाणी नाण्याने बाजूला सारलं. पूर्ण वजनाच्या जुन्या चांगल्या रुपयाला हा आकडा 1.13 च्या आसपास येतो, निम्म्या चांदीच्याला 1.22 च्या आसपास. चांदी तांब्यापेक्षा जड असते, म्हणून चांदी जास्त तितका आकडा लहान. नाणं झिजलेलं असेल तर आधी त्याचं कोरडं वजन घ्या आणि त्याला या आकड्याने भागा: उत्तर 10.3 च्या जवळ आलं तर जुनं चांगलं नाणं, 9.5 च्या जवळ आलं तर निम्म्या चांदीचं.

आता लक्ष्मी-गणपतीची नाणी. इथे वजन, आकार, देव सगळं सारखं, तरी भाव वेगळा. तुमच्या सीलबंद पाकिटावर 999 (हजार भागांत 999 भाग चांदी) लिहिलंय, अनुक्रमांक आहे, कोणत्या रिफायनरीत घडलं तेही आहे. असं नाणं सराफ जसंच्या तसं पुढच्या गिऱ्हाइकाला विकू शकतो. धाकटीच्या मखमली डबीतल्या नाण्यांवर कसलीच खूण नाही. चांदीचा हॉलमार्क अजून ऐच्छिक आहे, त्यामुळे खूण नसलेलं नाणं विकायला आडकाठी नव्हती आणि तुमच्या आईनं ते विश्वासानं घेतलं. सराफाने त्याचा टंच 80 काढला, असं तुम्ही लिहिता. म्हणजे दहा ग्रॅमच्या नाण्यात चांदी आठ ग्रॅम. त्यावर ते वितळवून शुद्ध करण्याचा खर्च आणि वितळवताना होणारी घट तो कापणार. तुमच्याच जिल्ह्यातली विटा-खानापूर भागातली माणसं देशभर हा गलाईचा धंदा करतात, तेव्हा गलाई फुकट होत नाही हे तुम्हाला सांगायला नको. आठ ग्रॅम म्हणजे 1,600 रुपये, त्यातून कापाकापी. हातात पंधराशेच्या आसपास. तुमच्या सीलबंद नाण्याला मात्र दोन हजारांच्या जवळ.

एक काळजी मात्र घ्या. 80 हा आकडा एकाच दुकानात काढलेला आहे. टंच काढण्याचं यंत्र नाण्याचा फक्त वरचा पातळ थर वाचतं. वर चांदीचा जाड मुलामा असेल तर आकडा जास्त दाखवतं, आणि पृष्ठभाग मळलेला असेल तर चुकीचा दाखवू शकतं. म्हणून नाणं एका बाजूला किंचित घासून आतला भाग दिसल्यावर पुन्हा वाचायला सांगा आणि दुसऱ्या दुकानात एकदा पडताळा. पाण्याची चाचणी इथेही चालते: दहा ग्रॅमच्या शुद्ध नाण्याला 0.95, चांदी-तांब्याच्या 80 टंचाच्या नाण्याला 0.99, आणि चांदीचा अंशही नसलेल्या जर्मन सिल्व्हरला 1.15 किंवा त्याहून थोडं जास्त. सीलबंद पाकीट यासाठी फोडू नका. पाकीट फोडलं की नाणं पुन्हा ‘तपासून घ्यायचं’ नाणं होतं आणि भाव लगेच खाली येतो.

अमेरिकन गरुडाच्या दोन नाण्यांपैकी दोघींना एकेक आलं, ते बरं झालं. ही नाणी 1986 पासून निघतात. वजन एक ट्रॉय औंस, म्हणजे 31.10 ग्रॅम, शुद्धता 999. ती खरी आहेत का, हे कॅलिपरने पाहता येतं: व्यास 40.6 मिलिमीटर, जाडी 2.98. वजन बरोबर पण जाडी जास्त, असं निघालं तर आत हलका धातू आहे असं समजा. अमेरिकेत याच नाण्याला त्यातल्या चांदीपेक्षा बरेच डॉलर जास्त पडतात, कारण तिथली टांकसाळ ती थेट गिऱ्हाइकाला न विकता ठरावीक मोठ्या व्यापाऱ्यांना चांदीच्या भावावर जास्तीचे पैसे लावून देते, व्यापारी आपला नफा घालतात, आणि सरकारी नाणं म्हणून लोक ते मोजतात. खासगी कारखान्याच्या तेवढ्याच वजनाच्या चकतीला तिथे कमी भाव येतो. कॅनडाच्या मेपल पानाच्या नाण्यावर 9999 असतं, म्हणून ते ‘जास्त शुद्ध, म्हणून महाग’ असं लोक सांगतात. हिशोब करून पाहा: एका औंसात 999 आणि 9999 यांत चांदीचा फरक 0.03 ग्रॅम, आपल्या धरलेल्या भावाने सहा रुपये. एवढ्याने किंमत बदलत नाही. ब्रिटनमध्ये चांदीच्या नाण्यांवर 20 टक्के व्हॅट आहे, म्हणून एकच नाणं तिथे अमेरिकेपेक्षा महाग पडतं. त्यांच्या ब्रिटानिया नाण्याची गोष्ट तर तुमच्या रुपयांच्या उलट आहे. 2012 पर्यंत ते 958 शुद्धतेचं होतं, पण वजन 32.45 ग्रॅम ठेवलं होतं, त्यामुळे शुद्ध चांदी पुरा एक औंसच भरायची.

सांगलीच्या किंवा कोल्हापूरच्या सराफाला गरुडाशी देणंघेणं नाही. तो 31 ग्रॅम चांदी मोजणार, वरचे जास्तीचे पैसे इथे बुडतात. विकायचंच असेल तर भाच्याकरवी अमेरिकेत विकणं फायद्याचं, नाहीतर ठेवून द्या. त्यावरचं साल तेवढं पाहा. 1996 चं असेल तर त्या वर्षी ही नाणी सर्वांत कमी निघाली, त्यामुळे तिकडचे संग्राहक त्याला जास्त देतात.

यातूनच भावाचा आणखी एक भाग पुढे येतो, संग्राहकांचा. तुमच्या बारा रुपयांपैकी एखादं नाणं चांदीच्या भावाच्या किती तरी पट किमतीचं असू शकतं, आणि ते कुणाच्या वाट्याला आलंय हे काट्यावर कळत नाही. 1911 चा पंचम जॉर्जचा रुपया शोधा. त्यात राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, बरीच नाणी परत घेऊन वितळवली गेली आणि 1912 पासून हत्तीची सोंड नीट दिसेल असा साचा आला. 1939 चा रुपयाही दुर्मीळ आहे. दोन्हींची बनावट नाणी बाजारात फिरतात, तेव्हा जाणकार नाणेतज्ज्ञाला दाखवल्याशिवाय हुरळून जाऊ नका. उलट 1862 चं साल पाहून पुष्कळ लोक खूश होतात, पण तेच साल घालून पुढे किती तरी वर्षं रुपये पाडले गेले, म्हणून ते सर्रास मिळतं. राम दरबार किंवा हनुमानाचं चित्र आणि ‘ईस्ट इंडिया कंपनी 1818’ असं लिहिलेली नाणी लाखाला जातात म्हणून कुणी सांगितलं तर दुर्लक्ष करा. कंपनीने तशी नाणी पाडलीच नाहीत.

आणि कृपा करून धाकटीला सांगा की ते काळे पडलेले रुपये चिंच, राख, पावडर, कशानेही घासू नयेत. घासल्याने उंचवट्यावरचे बारीक तपशील जातात आणि संग्राहकाच्या लेखी नाणं संपतं. राणीच्या केसांच्या रेषा आणि मुकुटावरची नक्षी आधी पुसट होते, ती एकदा गेली की परत येत नाही. पूर्वी माळेत ओवण्यासाठी नाण्याला कडी डागलेली असायची. तशी एखादी असेल तर डागेत चांदी कमी असते हे लक्षात ठेवा आणि ते नाणं वजनातून वेगळं धरा.

आता वाटणीकडे येऊ. तुमच्याकडे शुद्ध चांदी: रुपयांची 34.98 आणि सीलबंद नाण्यांची 39.96, मिळून 74.94 ग्रॅम. धाकटीकडे: रुपयांची 64.14 आणि मखमली नाण्यांची, 80 टंच खरा धरला तर, 32, मिळून 96.14 ग्रॅम. फरक 21.2 ग्रॅमचा, त्याचा निम्मा 10.6. म्हणजे एक जुना रुपया तिच्याकडून तुमच्याकडे आला की दोघींकडे साधारण साडेपंच्याऐंशी ग्रॅम शुद्ध चांदी होते. एवढ्यासाठी तुमचं बोलणं बंद झालंय.

तरी हा उपाय मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवेन. पहिला उपाय याहून सरळ आहे: प्रत्येक प्रकार अर्धा-अर्धा करा. जुने तीन तुला, तीन मला, 1942-45 चे तीन-तीन, सीलबंद दोन-दोन, मखमली दोन-दोन. मग टंच 80 निघो की 70, सराफाचा भाव खरा असो की खोटा, उद्या चांदी चढो की पडो, दोघींना सारखंच. जुन्या सहा रुपयांची तेवढी सालं लिहून काढा, एखादं दुर्मीळ निघालं तर ते बाजूला ठेवून त्याची किंमत ठरल्यावर वाटा. आईच्या हातचं एखादं नाणं कुणाला जवळ ठेवायचं असेल, तर ते आधी मागून घ्या आणि बदल्यात त्याच प्रकारचं दुसरं द्या. धाकटीला हे सांगताना सराफाच्या भावाने सुरुवात करू नका. वरचे ग्रॅमचे आकडे कागदावर मांडा आणि तिच्याही मखमली नाण्यांत तिचं नुकसान होतंय, हे आधी दाखवा.

नातींच्या नाण्यांचं आता थोडक्यात. तुम्हाला मिळालेले चार भाव चार वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत. वर्तमानपत्रातला भाव पाहताना ‘जीएसटीसह’ आहे की नाही हे पाहा. इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशन रोज जाहीर करते तो भाव जीएसटी वगळून असतो. नाण्याच्या बिलात तीन थर असतात: चांदी, घडणावळ व पाकीट, आणि या सगळ्यावर 3 टक्के जीएसटी. समजा 10 ग्रॅमची चांदी 2,000, घडणावळ व पाकीट 250, जीएसटी 67.50, झाले 2,317.50. तेच उद्या विकायला नेलं तर सराफ साधारण 1,950 देईल. म्हणजे चांदी जवळजवळ 19 टक्के चढल्याशिवाय तुमचे पैसे सुटत नाहीत. साचा, ठसा, पाकीट यांचा खर्च लहान-मोठ्या नाण्याला जवळपास सारखाच येतो, म्हणून नाणं जितकं लहान तितकी ग्रॅममागे घडणावळ जास्त. 100 ग्रॅमला घडणावळ 1,000 धरली तर बिल 21,630, आणि परत येतील 19,500. तिथे 11 टक्क्यांत भागतं. रंगीत मीनाकाम, उठावदार देवमूर्ती, नक्षीची पेटी, यांचे पैसे देताना मोजले जातात, घेताना कुणी मोजत नाही. सरकारची स्मारक नाणीही याच जातीची. त्यांतली पुष्कळशी 35 ग्रॅमची आणि फक्त निम्म्या चांदीची असतात. विकत मिळतात ती चांदीच्या भावाच्या खूप वर.

बँकेत घेतलं की खात्रीचं, असं तुम्ही लिहिलंय. शुद्धतेची खात्री बऱ्याच अंशी खरी. पण बँक स्वतः विकलेलं नाणं परत घेत नाही आणि तिथला भाव बहुधा सराफापेक्षा चढा असतो. ओळखीच्या सराफाकडे, जो स्वतः विकलेलं नाणं लेखी अटीवर परत घेतो, तिथे रिफायनरीचं सीलबंद साधं नाणं घेणं मला जास्त पटतं. विचारताना “नाणं केवढ्याला?” असं न विचारता दोन प्रश्न एकदम विचारा: “आज हे घेतलं तर किती, आणि हेच आज तुम्हाला परत दिलं तर किती?” जिथे या दोन आकड्यांतलं अंतर कमी, ते दुकान तुमचं. दर वर्षी दोन लहान नाणी घेण्याऐवजी दोघींचं मिळून 20 ग्रॅमचं एक, किंवा पाच वर्षांचे पैसे साठवून प्रत्येकीला 50 ग्रॅमचं एक, असंही करता येईल. मात्र धनत्रयोदशीला नातीच्या हातात नाणं पडण्याचा आनंद हवा असेल, तर ते जास्तीचे दोनशे-तीनशे रुपये त्या आनंदाचे आहेत असं समजून द्या. त्यात काही गैर नाही, फक्त ती गुंतवणूक धरू नका.

पावतीवर शुद्धता (999), निव्वळ वजन, पाकिटावरचा अनुक्रमांक, चांदीचा त्या दिवशीचा भाव, घडणावळ आणि जीएसटी हे सगळं वेगवेगळं लिहून घ्या. ‘चांदी नाणे, 1 नग’ एवढंच लिहिलेली पावती घेऊ नका. घरी आल्यावर त्या पावतीचा फोटो काढून ठेवा, कारण दुकानातल्या यंत्राच्या गुळगुळीत कागदावरची अक्षरं दोन-तीन वर्षांत उडून जातात.